आतला जिना

त्या सरकारी वसाहतीतली इमारत चार मजल्यांची होती, आणि चौथ्या मजल्यावरच्या लोकांचा तोरा काही वेगळाच होता. आपल्या डोक्यावर कुणी राहत नाही, ही त्यांची आयुष्यातली मोठी कमाई. खालच्यांच्या घरात वरून पाणी झिरपायचं, वरून खुर्च्या सरकायच्या, वरून पोरं उड्या मारायची. चौथ्या मजल्यावर वरून फक्त ऊन यायचं. शहरात घरं बांधायला आता जमीनच उरलेली नाही, तेव्हा जुन्या इमारतींवरच आणखी दोन मजले चढवायचे, असं सरकारने जाहीर केलं, त्या दिवशी खालच्या तिन्ही मजल्यांवर जो आनंद पसरला तो काही केवळ बेघरांच्या काळजीपोटी नव्हता. आता त्यांनाही कळेल, असं जो तो जिन्यात एकमेकांना सांगत होता.

चौथ्या मजल्यावर सगळे तोंड पाडून बसले होते, एक कंडक्टरबाई सोडून. त्या कोपऱ्यातल्या घरात राहायच्या. सिटी बसमध्ये उभं आयुष्य उभ्याने काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून नोकरीतच होता. जिन्यात दोघं बोलत उभे राहिले की त्या वरूनच म्हणायच्या, "पुढे सरका, मधे जागा आहे." आणि माणसं सरकायची. स्वतःच्या घरात मात्र हे वाक्य म्हणायची सोय नव्हती, कारण तिथे पुढेही जागा नव्हती आणि मधेही.

घर म्हणजे एक बाहेरची खोली, प्लायवूडच्या भिंतीपलीकडे एक आतली खोली आणि स्वयंपाकाचा ओटा. त्यात कंडक्टरबाई, त्यांचे चिरंजीव आणि सूनबाई. चिरंजीव फर्निचरच्या दुकानात विक्रेते होते आणि त्यांचा सगळा जीव घडीच्या फर्निचरमध्ये अडकलेला. दुकानात जे नवीन येईल ते सवलतीत घरी यायचं. भिंतीतून टेबल उघडायचं, सोफ्यातून पलंग निघायचा, कपाटाच्या दारातून इस्त्रीची फळी खाली यायची. एकेक वस्तू सुटी पाहिली तर माणसाने थक्क व्हावं. पण घरात एका वेळी एकच वस्तू उघडी राहू शकत होती. टेबल उघडलं की न्हाणीघराचं दार उघडत नसे, त्यामुळे जेवणाच्या वेळी जो आत अडकेल त्याने बाकीच्यांचं जेवण होईपर्यंत आतच बसावं, असा घरचा शिरस्ता होता. एकदा पाहुणे जेवून, हात धुऊन निघाले तरी सूनबाई दिसली नाही, तेव्हा त्यांनी जाताना तिच्या तब्येतीची चौकशी केली होती.

ही सूनबाई दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांची तोंडं उघडतील मिटतील अशी करायची आणि घरी स्वतःचं मिटून ठेवायचं. सासूबाई वाईट होत्या अशातला भाग नाही. वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. भांडणाऱ्या सासू-सुनांचं एक बरं असतं, कुणाला काय हवंय ते अख्ख्या जिन्याला माहीत असतं. या दोघी एकमेकींना इतक्या जपायच्या की कुणाला काय हवंय याचा पत्ता कुणालाच नव्हता.

पोरांना एकांत मिळावा म्हणून कंडक्टरबाई रोज संध्याकाळी 'चालायला' जायच्या. चालायचा त्यांना मनापासून कंटाळा. त्या सरळ कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन बसायच्या आणि नव्या कंडक्टरांच्या चुका काढायच्या. सासूबाईंना जरा शांतता मिळावी म्हणून सूनबाई नवऱ्याला घेऊन 'बाजारात' जायची आणि रिकाम्या पिशव्या घेऊन परत यायची. आईंना चालायची फार आवड आहे, असं सूनबाई शेजारी सांगायची. पोरांना बाजाराचा भारी सोस, असं सासूबाई सांगायच्या. कधीकधी तिघंही एकाच वेळी बाहेर पडायचे, आणि घरातला एकांत बिचारा एकटाच बसून राहायचा.

अशा या घरात बातमी आली. नवे मजले हलक्या पोलादी सांगाड्याचे असणार, खोल्या कारखान्यातून तयारच येणार, क्रेनने उचलून गच्चीवर ठेवणार, कुणालाही घर सोडून जावं लागणार नाही. आणि चौथ्या मजल्यावर ज्यांच्याकडे लग्न झालेली मुलं आहेत, त्यांना बरोबर डोक्यावरचं घर आधी मिळणार. कंडक्टरबाईंनी हे ऐकलं आणि मनातल्या मनात हिशोब मांडला. पोरं वर जातील. हे घर आपलं राहील, आपल्या एकटीचं. माहेरी सगळी भावंडं एका सतरंजीवर, सासरी जाऊबाईंच्या आणि आपल्या मधे एक पडदा, मग हे घर मिळालं तर त्यात नवरा, दीर आणि मुलगा, आणि आता मुलगा-सून. दिवसभर बसमध्ये माणसं आणि घरी आल्यावर माणसं. माणसांचा त्यांना राग नव्हता. फक्त हातपाय धड आहेत तोवर एकदा स्वतःचं दार लावून त्या दाराआड एकटीने राहून बघावं, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. आणि ती कुणाला सांगायची त्यांना लाज वाटत होती.

घोडं अडलं ते जिन्यावर.

कामावरची इंजिनिअर मुलगी डोक्यावर हेल्मेट घालून घरोघरी फिरत होती. कमी बोलायची, सगळं लक्षात ठेवायची, आणि एका घरातलं दुसऱ्या घरात सांगायची नाही, म्हणून लोक तिला जरा टरकून असत. बाहेरच्या खोलीत उभी राहून तिने छताकडे पाहिलं आणि विचारलं, "वरच्या घराला आतून जिना हवा की वेगळं दार? आतून जिना घेतला तर दोन्ही मिळून एकच घर होईल. वेगळं दार घेतलं तर दोन घरं."

"आतून जिना," चिरंजीव म्हणाले. प्रश्न अजून संपायचा होता.

इंजिनिअर मुलीने सूनबाईकडे पाहिलं. सूनबाई सासूबाईंकडे बघत म्हणाली, "आईंना सोयीचं पडेल ते."

मग तिने कंडक्टरबाईंकडे पाहिलं. कंडक्टरबाईंच्या जिभेवर 'दार' हा शब्द येऊन बसला होता. पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच. "मला काय, पोरांना हवं तसं. माझं काय आता."

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर याहून वजनदार धोंडा नसतो. इंजिनिअर मुलीने घडीच्या टेबलावर स्टूल ठेवलं, वर चढली आणि लाल खडूने छतावर एक मोठा चौकोन काढला. "इथे कापणार," ती खाली उतरत म्हणाली. "मत बदललं तर कापायच्या आधी सांगा. एकदा स्लॅब कापला की पहिल्यासारखा होत नाही."

त्या दिवसापासून तिघं त्या लाल चौकोनाखाली जेवू लागले. चिरंजीव घास घेता घेता वर बघायचे आणि खूश व्हायचे. त्या दोघी घास घेता घेता वर बघायच्या आणि पटकन ताटात बघायच्या.

कंडक्टरबाईंनी प्रयत्न केलाच नाही असं नाही. एकदा त्या जेवताना म्हणाल्या, "माझे गुडघे काही आता जिन्याचे राहिले नाहीत बाबा." रोज चार मजले चढून येणाऱ्या बाईने हे म्हणावं, आणि तेही नुकतंच चढून आल्यावर, हे जरा अतीच होतं. पण चिरंजीवांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ते दुकानातून रंगीत चित्रांचं माहितीपत्रक घेऊन आले. अर्ध्या उंचीच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा, आणि प्रत्येक पायरीत एक कप्पा.

"पहिल्या पायरीत चपला," ते समजावून सांगू लागले. "दुसरीत कांदे-बटाटे. तिसरीत तुझी औषधं, आई. म्हणजे चढता चढता घेता येतील."

"आणि कुणी तिसरी पायरी उघडी ठेवली तर?" सूनबाईने विचारलं.

"तर चौथीवरून उतरायचं नाही," चिरंजीव म्हणाले. त्यांच्याकडे घडीच्या वस्तूंच्या सगळ्या अडचणींवर असंच उत्तर असे.

मग सूनबाईने आपल्या परीने करून पाहिलं. "अरे, पण भोक ठेवलं की वरचं सगळं खाली ऐकू येईल. आईंची झोपमोड होईल."

"उलट बरंच की. आईला काही हवं असलं तर नुसती हाक मारायची. उठायलाही नको."

सूनबाईचा चेहरा पडला. कंडक्टरबाईंनी तो पाहिला. कोण फुकट्या आहे ते बसच्या दुसऱ्या टोकावरून नुसत्या चेहऱ्यावरून ओळखणारी बाई ती, पण घरच्या माणसाचा चेहरा वाचताना तिची सगळी नोकरी पाण्यात गेली. त्यांना वाटलं, बघा, पोरीला माझ्या झोपेची केवढी काळजी. जिना तिला हवाच आहे, माझ्यासाठी मागेपुढे बघतेय. आपण म्हातारीने किती आप्पलपोटेपणा करायचा. आणि त्या मोठ्या मनाने म्हणाल्या, "माझी झोप गाढ आहे. होऊ दे जिना."

सूनबाईला वाटलं, आईंना जिना हवाच आहे. एकट्या पडतील म्हणून घाबरत असतील. मग तिनेही मोठं मन केलं आणि कठड्याचा रंग निवडला. अशी दोघींची मनं मोठी होत गेली, आणि नको असलेला जिना दोघींनी मिळून जवळजवळ उभाच केला.

स्लॅब कापायचा दिवस तोंडावर आला तशी कंडक्टरबाईंची झोप उडाली, ती गाढ म्हणून सांगितलेली झोप. एका संध्याकाळी चालायला म्हणून निघाल्या त्या बसथांब्याकडे न वळता गेटजवळच्या पत्र्याच्या केबिनमध्ये शिरल्या. इंजिनिअर मुलगी नकाशावर डबा ठेवून जेवत होती.

"मावशी, मत बदललं का?"

"छे, छे. मत कशाला बदलेल. सगळ्यांनाच हवाय जिना." कंडक्टरबाई बसल्या. "मी एवढंच विचारायला आले, की त्या भोकाला झाकण असतं ना?"

"असतं."

"मग झाकणाला कडी बसते?"

"बसवता येते."

"खालून?"

इंजिनिअर मुलीने घास खाली ठेवला. "खालून."

"नाही म्हणजे, मांजर वगैरे उतरतं वरून," कंडक्टरबाई म्हणाल्या.

"मांजर आहे तुमच्याकडे?"

"सध्या नाही. पण काय सांगावं."

"बरोबर आहे," इंजिनिअर मुलगी म्हणाली. "सुताराला सांगते, खालून कडी." तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ते हसू होतं, आणि का होतं ते कंडक्टरबाईंना कळलं असतं तर पुढचा सगळा तमाशा टळला असता. पण कडी मिळाली या आनंदात त्या उठल्या आणि त्या दिवशी खरोखरच थोडं चालल्या. अख्खं दार नाही तर नाही, निदान कडी तरी आपली.

स्लॅब कापणारे सकाळी येणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी सुतार झाकण घेऊन आला. माप बघायला म्हणून त्याने भिंतीतलं टेबल उघडलं आणि झाकण त्यावर आडवं टाकलं. सूनबाई नुकतीच कामावरून येऊन न्हाणीघरात तोंड धूत होती. म्हणजे आता ती आतच राहणार होती.

चिरंजीवांनी झाकणावरून हात फिरवला. लाकूड पाहिलं, बिजागऱ्या पाहिल्या, खूश झाले. मग झाकण उलटं करून पाहिलं आणि सुलटं करून पाहिलं.

"कड्या दोन कशाला?"

"एक वरच्यांनी लावायची, एक खालच्यांनी," सुतार म्हणाला.

"पण लावायची कशाला?"

"ते मला काय ठाऊक, साहेब. वरची कडी धाकट्या बाईंनी सांगितली, खालची थोरल्या बाईंनी. मॅडम म्हणाल्या, दोन्ही लाव."

न्हाणीघरातला नळ बंद झालेला ऐकू आला.

"वरून कडी कशाला हवी होती तुला?" चिरंजीवांनी न्हाणीघराच्या दाराला विचारलं.

दार म्हणालं, "धूळ येते म्हणून."

"धूळ खालून वर येते?"

चिरंजीव आईकडे वळले. "आणि तू?"

"मांजर," कंडक्टरबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना ते मांजर किती अशक्त आहे ते कळून चुकलं.

सुतार शहाणा होता. त्याने फूटपट्टी खिशात घातली, उद्या येतो म्हणाला, आणि झाकण तसंच टेबलावर टाकून निघून गेला.

मग न्हाणीघराचं दारच बोलू लागलं. समोरासमोर जे चार वर्षांत जमलं नव्हतं ते दाराआडून भराभर निघालं. "आई, खरं सांगू का? मला जिना नको होता. तुम्हाला हवा असेल म्हणून मी हो हो करत होते. चार वर्षांत आम्ही एकदा मोठ्याने भांडलो नाही हो. भांडण झालं की बाजाराच्या नावाखाली बाहेर पडावं लागतं, आणि कोपऱ्यावरच्या थांब्यावर तुम्ही बसलेल्या असता. मग झाडामागे उभं राहून भांडावं लागतं, तेही कुजबुजत. मला एकदा माझ्या घरात, माझ्या आवाजात भांडायचंय. आणि मग मोठ्याने हसायचंय. तुमचा राग नाही येत मला. पण तुम्ही ऐकताय असं वाटलं की मला माझाच आवाज ऐकू येईनासा होतो."

कंडक्टरबाई आधी हसल्या. झाडामागे भांडणारे दोघं त्यांच्या डोळ्यांपुढे आले आणि हसू काही आवरेना. मग त्यांनी डोळे पुसले आणि त्या दाराजवळ जाऊन म्हणाल्या, "अगं, मग बोलायचं नाही का आधी? मलाही नकोय तो जिना. मला दुपारी चार वाजता जेवायचंय, आणि आत्ता का जेवताय असं कुणी विचारायला नको. मला दार हवंय गं. माझं."

दोघींना एकदमच हसू फुटलं, एक दाराच्या या बाजूला, एक त्या बाजूला.

हसले नाहीत ते चिरंजीव. ते सोफ्याच्या कडेला बसून झाकणाची वरची कडी लावत होते आणि काढत होते.

"म्हणजे तुम्हा दोघींनाही कडीच लावायची होती," ते म्हणाले. "आणि मी वेड्यासारखा पायऱ्या मोजत होतो."

"अरे, तसं नाही," कंडक्टरबाई म्हणाल्या.

"तसंच आहे." त्यांचा विक्रेत्याचा आवाज कुठेतरी गेला होता. "आई, मी शाळेतून यायचो ना, तेव्हा आपल्या दाराला कुलूप असायचं. तुझी दुसरी पाळी, बाबा आणि काका कामावर. किल्ली माझ्या गळ्यात असायची, पण मला ते दार उघडून आत जावंसं वाटायचं नाही. आत कुणी नाही हे ठाऊक असायचं. मी जिन्यात बसून राहायचो, खालच्या मजल्यावरच्या काकू हाक मारेपर्यंत. म्हणून मला वाटलं, एकदाचं घर असं करू की मधे दारच नको. नुसती मान वर केली की माणूस दिसलं पाहिजे."

कंडक्टरबाईंना हे ठाऊक नव्हतं. किल्लीचं ठाऊक होतं, ती त्यांनीच दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात घातली होती. पण तो आत जात नसे, हे त्यांना आज कळलं. त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि ओठांवर ते जुनं वाक्य आपोआप येऊन उभं राहिलं. जाऊ दे, कर तुझा जिना, माझं काय आता. एवढं म्हटलं असतं की तो हसला असता, सकाळी स्लॅब कापला गेला असता आणि सगळं पहिल्यासारखं झालं असतं. कितीतरी वेळ त्या ते वाक्य तोंडात धरून बसल्या. मग त्यांनी ते गिळलं.

"मला फार वाईट वाटतंय रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या कुलपाला माझ्याकडे उत्तर नाही. पण मला दार हवंय."

मुलाने कडी लावली आणि तशीच ठेवली.

"माझं काय करताय?" न्हाणीघरातून आवाज आला. "टेबल मिटा कुणीतरी."

मुलाने उठून झाकण भिंतीला टेकवलं आणि टेबल मिटलं. सूनबाई ओल्या तोंडाने बाहेर आली, आणि नवऱ्याकडे एकदा बघून त्याच्या शेजारी बसली. सकाळी स्लॅब कापणारे आले तेव्हा त्यानेच खाली जाऊन त्यांना परत पाठवलं. इंजिनिअर मुलीने का म्हणून विचारलं नाही. "बरं झालं, तुम्ही तरी मत बदलायला आलात," एवढंच ती म्हणाली.

पुढे एका सकाळी क्रेन आली. सगळी वसाहत रस्त्यावर उभी राहून माना वर करून बघत होती. नळ, खिडक्या, ओटा सगळं बसवलेली स्वयंपाकघरं हवेतून जात होती, आणि खालचे लोक ती अमुक खोली आपल्याला आवडली, तमुक जरा लहान वाटते, अशी मतं देत होते. चौथ्या मजल्याचा तोरा उतरून सहाव्या मजल्यावर जायला आठवडासुद्धा लागला नाही. पायऱ्यांत कप्पे असलेला, आधीच मागवून ठेवलेला तो जिना चिरंजीवांनी दुकानातल्याच एका गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला. पोरं वर राहायला गेली. वरचं घरही तेवढंच लहान, त्यामुळे घडीचं सगळं फर्निचर त्यांच्याबरोबर गेलं, आणि आठवड्याच्या आत वरच्या न्हाणीघरात कुणीतरी अडकलंही.

पहिल्या दिवशी कंडक्टरबाईंनी दार लावलं, कडी घातली, आणि खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. मग त्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरक्या चालत गेल्या. या घरात तिरकं चालता येतं हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. त्या परत तिरक्या आल्या. चार वाजता जेवल्या. कुणी काही विचारलं नाही. जेवताना जरा चुकल्यासारखं वाटलं, नाही असं नाही, पण त्यांनी ताटात आणखी वाढून घेतलं.

संध्याकाळी वर भांडण सुरू झालं. अगदी पोट भरून, मोठ्या आवाजात. स्लॅब अखंड होता, त्यामुळे शब्द कळत नव्हते, नुसत्या लाटा येत होत्या. एक लाट सूनबाईची असली की दुसरी तिच्याहून मोठी लाटही सूनबाईचीच. कंडक्टरबाईंना त्या पोरीचा खराखुरा आवाज आज पहिल्यांदा ऐकायला मिळाला, आणि त्यांना तो आवडला. मग वरचं दार आपटलं. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली, आणि खाली येऊन थांबली.

बऱ्याच वेळाने घंटा वाजली.

कंडक्टरबाईंनी कडी काढून दार उघडलं. मुलगा उंबऱ्याच्या एक पाऊल मागे उभा होता, केस विस्कटलेले, तोंड उतरलेलं. किल्ली त्याच्याकडे अजून होती, पण तिला त्याने हात लावला नव्हता.

"आई," तो म्हणाला, "आत येऊ का?"

हा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता. बसमध्ये चढणाऱ्यांनी नाही, सासरच्यांनी नाही, नवऱ्याने नाही. पण स्वभाव कुठे जातो.

"थांब," त्या म्हणाल्या. "घरात कुणी आहे का बघते."

त्या मागे वळल्या आणि त्यांनी आपली खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सावकाश, डोळे भरून पाहून घेतली. मुलगा उंबऱ्याबाहेर तसाच थांबून राहिला.

"आहे," त्या म्हणाल्या आणि बाजूला सरकल्या. "आई आहे घरात. ये."